न टोचलेली अंडी

मुंबई,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय संगिता,

परवाचा खोका पोचला. तीसपैकी एकही अंडं फुटलं नव्हतं. विपुल टेम्पोत चिकूच्या पेट्यांवर तो इतका जपून ठेवतो की गेटवरचा वॉचमनसुद्धा हसतो. तुमचा एकुलता एक फोन उमेश कंपनीत घेऊन जातो, म्हणून आपण ही खोक्यातून चिठ्ठ्या पाठवायची पद्धत सुरू केली. मला आता तिची सवयच लागलीय. भाताच्या तुसात हात घालून आधी तुझी चिठ्ठी शोधते, मग अंडी मोजते.

आज मात्र कामाचं लिहायचंय. गेल्या तीन खोक्यांतली बरीच अंडी तिसऱ्या दिवशी मरताहेत. तुला सांगितलं होतं ना, आम्ही ती मशीनमध्ये उबवतो. दीड दिवसात आत हृदय धडधडायला लागतं. डोळे नाहीत, चोच नाही, पाय नाहीत, आणि एक ठिपका मात्र उड्या मारत असतो. आधी ते सरळ नळीसारखं असतं, मग उजवीकडे वळतं. ते वळण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. तेच बघण्यात माझी चार वर्षं गेली. आणि आता बघावं तर ठिपका थांबलेला. काही अंड्यांत तर काहीच नसतं, नुसता पिवळा बलक.

राग मानू नकोस, पण विचारते. सगळी अंडी तुमच्याच कोंबड्यांची असतात ना? आणि वेचल्यावर उन्हात राहत नाहीत ना?

तुझी,
नयना


वेवजी,
२५ नोव्हेंबर

प्रिय नयना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. तुझ्या अण्णांनी मला बारावीपर्यंत शिकवलं, मी तुझ्या शेजारी बाकावर बसले, आणि तू मला विचारतेस अंडी कुणाची?

कोंबड्या आमच्या, कोंबडाही आमचा. अंडी मी वेचते. खोका सासू भरते, कारण सकाळी मला अंगणवाडी उघडायची असते. ऊन लागत नाही.

इकडे जनावरांचं बरं नाही. सासूची काबरी बकरी मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरत राहिली आणि दोन दिवसांनी मेली. दुसरी गाभडली. सासूची कंबर धरलेली, म्हणून ते सगळं मीच काढलं आणि गोठा धुतला. पाड्यावर जो तो वेगळं सांगतो.

एक बातमी. मला पाचवा महिना चालू आहे. आपल्या गावी बोर्डीला अजून कुणाला सांगू नकोस. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, हृदयाला भोक होतं म्हणाले, तेव्हापासून मी आनंदाचं काही मोठ्याने बोलत नाही. तू जेव्हा म्हणालीस की हृदय कसं तयार होतं ते बघायला अंडी हवीत, तेव्हा मी तिच्यासाठी हो म्हटलं होतं. तुला ते माहीत आहे.

म्हणून आता मी विचारते. विपुल सांगत होता, तुमच्या दारावर पिवळी पाटी आहे. तीन विळे एकमेकांत अडकवल्यासारखं चित्र आहे तिच्यावर. वॉचमन त्याला म्हणाला, आत जाऊ नको, इथे रोग ठेवतात. नयना, तुम्ही माझ्या अंड्यांचं नक्की काय करता?

संगिता


मुंबई,
२ डिसेंबर

प्रिय संगिता,

किती चांगली बातमी! मी कुणालाही सांगणार नाही. तू लोहाच्या गोळ्या घेतेस ना? बीपी, वजन, जमलं तर दर महिन्याला लिहून पाठव. कणकण, ताप, अंगदुखी असं काही असेल तर तेही लिही. मला सगळं कळलेलं बरं.

ती पाटी सगळ्याच लॅबच्या दारावर असते, तिचा बाऊ करू नकोस. आम्ही हृदय बघतो, बस. विपुलला सांग, वॉचमनच्या गोष्टी ऐकत जाऊ नकोस.

इथे माझं काही ठीक चाललेलं नाही. साधी अंडी, म्हणजे ज्यांना आम्ही नुसतं मिठाचं पाणी देतो, तीसुद्धा निम्मी मरतात. ती जगायलाच हवीत, नाहीतर बाकीच्या कामाला अर्थ राहत नाही. शेजारच्या टेबलावरची रुचिता काल म्हणाली, "तुझ्या हातात काही दोष आहे का गं?" हसत म्हणाली, पण संध्याकाळी आमच्या गाइड मॅडमच्या केबिनमध्ये तीच बसली होती. मॅडमनी मेलेली अंडी तपासायला पाठवली आहेत.

तुझी,
नयना


वेवजी,
१२ डिसेंबर

नयना,

आधी माझं खोटं सांगते. दोन खोक्यांत मी उंबरगावच्या दुकानातली अंडी घातली होती, प्रत्येकी सहा-सात. दोन कोंबड्या खुडूक बसल्या होत्या आणि खोका अर्धा पाठवायला मला लाज वाटली. ज्या अंड्यांत काहीच नव्हतं ती तीच असणार. चुकलं माझं.

आता तुझं. उमेशने फोनवर तुमच्या लॅबचं नाव टाकून शोधलं. मराठीत करून वाचलं. तिथे लिहिलंय की जंतू गर्भात कसे शिरतात आणि हृदयाला कसे धरतात ते तुम्ही शोधता. त्याने मला तो मजकूर वाचायला लावला आणि विचारलं, "ही तुझी मैत्रीण?" 

दुसरं. सोमवारी मुंबईच्या कुठल्यातरी कॉलेजची गाडी आली. गरोदर बायांचं रक्त घेत होते. अंगणवाडीतच बसवलं मी त्यांना, माझंच काम ते. रक्ताची तपासणी आहे, सिकलसेलची, म्हणाले. दरवर्षी येतात तसे वाटले. पण माझी पाळी आली तेव्हा त्यांच्यातली बाई कागद बघून म्हणाली, "तुमचं पहिलं बाळ हृदयाच्या आजाराने गेलं ना?" मी तिला काही सांगितलं नव्हतं. मी रक्त दिलं नाही. माझं बघून पाड्यावरची जानी उठली, मग तिच्यामागून बाकीच्या उठल्या.

माझ्या मुलीचं मुंबईत कुणाला माहीत आहे? एका तुलाच. आणि तूच लिहितेस, ताप आला तर कळव, बीपी कळव, सगळं कळलेलं बरं. कुणाला बरं, नयना?

माझं नाव तू दिलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

संगिता


मुंबई,
२० डिसेंबर

संगिता,

नाही. त्या गाडीशी माझा काही संबंध नाही. मी तुझी चौकशी केली ती तुझ्यासाठी. हे मला लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

हो, मी अंड्यांना जंतू टोचते. सगळ्यांना नाही, निम्म्यांना. लिस्टेरिया नावाचा जंतू आहे. गरोदर बाईला तो झाला तर तिला थोडा तापच येतो, पण पोटातल्या बाळाला तो सोडत नाही. तो बाळाच्या हृदयात कसा घर करतो हे कळावं म्हणून मी हे करते. तुला सांगितलं नाही कारण तू अंडी पाठवली नसतीस.

आता ऐक माझ्यावर काय आलंय ते. रिपोर्ट आला. ज्या अंड्यांना मी जंतू टोचलाच नव्हता त्यांच्यातही लिस्टेरिया सापडला. याचे इथे सगळे दोनच अर्थ काढतात. एक तर मी इतकी निष्काळजी आहे की माझ्याच सुईतून तो सगळीकडे गेला, नाहीतर मी कुठली अंडी कुठली हेच खोटं लिहिलंय. मॅडमनी माझी वही ताब्यात घेतली. माझ्या टेबलाला कुलूप आहे. रुचिता माझ्याशी बोलत नाही. आणि या सगळ्यात मला तुझ्याकडून कळतं की खोक्यात दुकानातली अंडी होती! हे मी मॅडमना सांगू कशी? माझा विश्वास कोण ठेवील?

खरं सांग. तुमच्याकडे त्या अंड्यांना कुणी काही केलं का? पाड्यावर कुणाला राग होता, उमेशला राग होता. कुणी भोक पाडून काही घातलं का? तुला माहीत असेल तर मला आत्ता सांग.

नयना


वेवजी,
२८ डिसेंबर

नयना,

सुया तुझ्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत.

यापुढे अंडी येणार नाहीत. रोग तू घालत होतीस, आणि मी मात्र समजत होते की माझ्या मुलीचं काय झालं ते तू शोधतेस. उमेशने तुझा नंबर बंद केलाय. मीच त्याला कर म्हटलं. पत्रही पाठवू नकोस.

संगिता


मुंबई,
६ फेब्रुवारी २०२५

संगिता,

हे मी टाइप करून अण्णांच्या फोनवर पाठवतेय. बोर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेऊन ते स्वतः तुझ्याकडे येतील. मी आले असते तर उमेशने दार उघडलं नसतं, आणि त्यात त्याची चूक नसती. फाडायचं तर वाचून फाड.

न टोचलेल्या अंड्यांतला जंतू आणि माझ्या बाटलीतला जंतू यांची जनुकं ताडून बघितली. महिना लागला. आज निकाल आला. दोन्ही वेगळे आहेत. तो इथला नाही. तो अंड्यांबरोबरच आला.

मग मी तुझी पत्रं काढली. नोव्हेंबरच्या पत्रात तू बकरीचं लिहिलं होतंस. मान वाकडी, गोल गोल फिरली आणि मेली. दुसरी गाभडली. संगिता, लिस्टेरिया झालेली बकरी अशीच फिरते. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी ते वाक्य मी वाचून पुढे गेले, कारण मी तुझ्या पत्रात फक्त अंडी शोधत होते.

गोठा तू धुतलास. तुला आता आठवा चालू असेल. आत्ता, गेल्या काही दिवसांत, तुला कणकण आली का? पाठ दुखते का? पोट बिघडलं होतं का? यातलं एक जरी असेल तर आजच सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांग, बकऱ्या अशा मेल्या, लिस्टेरियाची शंका आहे, रक्त कल्चरला घ्या. यावर साधं, जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे. वेळेत दिलं तर बाळ वाचतं. ताप उतरला म्हणून थांबू नकोस, तो उतरतो आणि आतलं आत चालू राहतं.

मी परत तुझ्या तब्येतीची चौकशी करतेय, हे मला कळतंय. तुला संशय येणार हेही कळतंय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिथल्या डॉक्टरांना विचार. पण जा.

नयना


बोर्डी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. नयना,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्येच रडू लागलीस, त्यामुळे मला नीट सांगता आलं नाही आणि तुला नीट ऐकता आलं नाही. म्हणून लिहितो.

गुरुवारी दुपारी विपुलच्या टेम्पोतून वेवजीला गेलो. उमेशची पाळी सकाळची होती, तो घरी आलेला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "सर, तुम्ही आलात, बसा. पण नयनाचं काही आणलं असेल तर ते खिशातच राहू द्या."

मी म्हटलं, "खिशातच आहे. पण ते संगिताच्या नावाचं आहे."

"तिच्या नावाचं तिच्या सासरी येतं ते मला विचारून येतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने खालच्या आवाजात, "पहिली पोर गेली तेव्हा मोठ्या दवाखान्यात आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, सर. एका कागदावर सही घेतली आणि पिशवीत घालून दिली. तेव्हापासून कुणी कागद घेऊन आला की माझं डोकं फिरतं."

 आणि मी चाळीस वर्षं पोरांना कागद वाचायलाच शिकवलं. 

संगिता आतून सगळं ऐकत होती. ती दाराशी आली. चेहरा ओढलेला, खांद्यावर शाल, दुपारच्या उन्हात. मी विचारलं, "बाळ, थंडी वाजते का?" ती म्हणाली, "परवापासून थोडी कणकण आहे. कंबर दुखते. आठव्यात दुखतेच." आणि हात पुढे केला. उमेशने अडवलं नाही.

तिने ते उभ्यानेच वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता फाडणार. तिने मला विचारलं, "अण्णासर, जानेवारीत मी तुमच्याकडे आले होते. नयना खोटं बोलते का, असं विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो होतो, माझी मुलगी खोटं बोलत नाही. ते तिला बरोबर आठवत होतं. मी म्हटलं, "तेव्हा मी बापासारखा बोललो. तिने तुझ्यापासून लपवलं, हे मला नंतर कळलं. आज मी तिची बाजू घ्यायला आलेलो नाही. हे पत्र तिचं नसून दुसऱ्या कुणाचं आहे असं समज आणि सांग, यातलं बकरीचं खरं आहे का?"

तिची सासू, सोमीबाई, कोपऱ्यात मुळे निवडत बसली होती. ती मध्येच बोलली, "बकरीचं खरं आहे. संक्रांतीनंतर अजून एक तशीच गेली." मग उमेशकडे बघत म्हणाली, "आणि अंडी मी धुवत होते."

संगिता तिच्याकडे वळली. "तुला सांगितलं होतं ना, धुवायची नाहीत म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण ती बाई एवढी शिकलेली, एवढ्या मोठ्या ठिकाणी काम करते. तिच्यासमोर आमच्या घरचं शेण लागलेलं अंडं कसं ठेवायचं? मी एकेक धुतलं, पदराने पुसलं, मग तुसात ठेवलं."

"कुठे धुतलं?" मी विचारलं.

तिने बोट दाखवलं. गोठ्याशी दगडी कुंडी आहे. बकऱ्या तिथेच पाणी पितात. तिच्यासमोरचे मुळे त्याच पाण्याने ओले होते, आणि एक अर्धा खाल्लेला मुळा संगिताच्या ताटलीत होता.

 उमेश उठला, कुंडी आडवी केली आणि सगळं पाणी ओतून दिलं. मग मला म्हणाला, "टेम्पो आहे ना तुमचा?"

निघताना संगिताने अट घातली. तशीच्या तशी लिहितो. "अण्णासर, मी तलासरीला जाईन, डहाणूला जाईन. मुंबईला जाणार नाही. आणि माझं रक्त नयनाकडे जाणार नाही. एक थेंबसुद्धा नाही. तुम्ही शब्द द्या." मी शब्द दिला. तो तुलाही बांधील आहे असं समज.

तलासरीच्या डॉक्टर तरुण आहेत. तुझं पत्र त्यांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले, आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन सुरू करून डहाणूला पाठवलं. मी तिथे रात्री उशिरापर्यंत थांबायचं म्हणत होतो, पण उमेशने मला शेवटच्या बसला बसवलं. बसमधून उतरताना त्याने माझा हात धरला. आभार मानले नाहीत. ते बरंच केलं.

आणखी एक. परिचारिका ओळखीची निघाली. संगिताच्या पहिल्या मुलीची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये आहे. त्या गाडीवाल्यांना यादी तिथून मिळाली होती. हे मी संगिताला सांगितलं. ती "असेल" एवढंच म्हणाली.

तुझे,
अण्णा


वेवजी,
२ एप्रिल

नयना,

मुलगी झाली. वीस मार्चला, डहाणूलाच. थोडी आधी आली, वजन कमी आहे, पण दूध पिते आणि रडते. माझ्या रक्तात तोच जंतू निघाला. तीन आठवडे सलाइन होतं. डॉक्टर म्हणाल्या, अजून चार दिवस घरी काढले असते तर सांगता आलं नसतं. मुलीच्या हृदयाची सोनोग्राफी केली. भोक नाही. मी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि कागदावर लिहून घेतलं.

पशुवैद्य पाड्यावर आले होते. राहिलेल्या बकऱ्या वेगळ्या बांधल्या आहेत.

दवाखान्यात पडून पडून तीन प्रश्न मनात जमले. ते विचारल्याशिवाय मला तुझ्याशी पुढे बोलता येणार नाही.

एक, माझं रक्त किंवा त्यातला जंतू तुझ्याकडे आला का?

दोन, माझी पहिली मुलगी अशाच एखाद्या जंतूने गेली का?

तीन, तू अण्णासरांना पाठवलंस ते मला वाचवायला की तुझं नाव साफ करायला? माझ्या अंगात तो जंतू सापडला म्हणजे तू निर्दोष ठरतेस, हे मला इथल्या डॉक्टरांनी सहज बोलताना सांगितलं. त्या तुझं कौतुक करत होत्या. मला झोप लागली नाही.

गोड लिहू नकोस.

संगिता


मुंबई,
१० एप्रिल

संगिता,

एक. नाही आलं. ते डहाणूहून मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं, तिथून तुझ्या डॉक्टरांना रिपोर्ट गेला. आमच्याकडे काहीही नाही. मी मागितलेलं नाही. मॅडमनी मागूया म्हटलं होतं, मी अण्णांच्या शब्दाबद्दल सांगितलं.

दोन. मला माहीत नाही. बहुधा नाही. हृदयाला भोक पडतं ते गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना, आणि हा जंतू सहसा नंतर गाठतो. बऱ्याचदा अशा भोकाचं कारण कुणालाच सापडत नाही. माझ्या कामातून तुझ्या मुलीचं उत्तर मिळणार नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू तसं समजलीस आणि मी तुला समजू दिलं, कारण मला गावठी अंडी हवी होती. टोचण्याचं लपवलं त्यापेक्षा हे वाईट होतं.

तीन. दोन्ही. रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, सुटले. मी रुचिताच्या टेबलावर जाऊन तो कागद ठेवला. तिने वाचला, सॉरी म्हणाली. ते सॉरी ऐकायला मला फार बरं वाटलं. तुझी आठवण मला त्यानंतर आली. दहा मिनिटं झाली असतील, कदाचित पंधरा. मग मात्र मी जिन्यावर बसून पत्रं काढली, बकरीचं वाचलं, आणि तिथेच तुला लिहायला घेतलं. यातलं कुठलं जास्त खरं, ते मला सांगता येत नाही.

सोमीआईंना सांग, त्यांच्या धुण्याने माझं काही वाईट झालं नाही. गार पाण्यात अंडं धुतलं की कवचाच्या बारीक छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर जंतूही जातो. मी धुवू नका म्हटलं, पण का धुवू नका हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी धुतली नसती.

आता एक विचारायचंय, आणि यावेळी आधी विचारते. तुझ्या रक्तातला जंतू आणि अंड्यांतला जंतू एकच आहे का, हे ताडून बघता आलं तर गोठ्यातून माणसापर्यंतची वाट सिद्ध होईल. आपल्या भागात हा आजार कुणी शोधत नाही, म्हणून तो सापडत नाही. किती बायांची बाळं यात गेली असतील, त्याचा हिशोब कुठेच नाही. यात माझा फायदा आहे, माझा प्रबंध त्यावर उभा राहील. तुला लगेच मिळण्यासारखं काही नाही. तू नाही म्हटलंस तर तो विषय संपला. मी परत काढणार नाही.

नयना


वेवजी,
१९ एप्रिल

नयना,

पत्र उमेशला वाचून दाखवलं. तिसऱ्या उत्तराशी तो म्हणाला, "हे तरी खरं लिहिलं." सासूला धुण्याचं सांगितलं. ती उठून अंगण झाडायला लागली.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी आज देणार नाही. पाड्यावर माझ्याबरोबर अजून चार बाया गरोदर होत्या. जानीचं सातव्यात गेलं, जानेवारीत. तिला कुणी रक्त तपासायला सांगितलं नाही, आणि तपासायला आले तेव्हा माझ्यामागून तीही उठून गेली होती. ती तपासणी दुसऱ्याच कशाची होती, तिच्यातून हे कळलंच नसतं, असं डॉक्टर म्हणतात. तरी मला ते रोज आठवतं. मी उठले नसते तर ती बसली असती.

तेव्हा आधी तू ये. गाडी, पाटी, कागद काही आणू नकोस. अंगणवाडीत बायांसमोर खाली बस आणि हे सगळं सांग, जसं मला लिहिलंस तसं. कुठली अंडी टोचलीस, का टोचलीस, काय लपवलंस, तुझा फायदा कुठे आहे. जानी विचारील त्याचं उत्तर दे, येत नसेल तर येत नाही म्हण. त्यांना पटलं तर मलाही पटेल. त्या नाही म्हणाल्या तर माझंही नाहीच समज.

रविवारी ये. इतर दिवशी बाया वाडीत कामाला जातात. उंबरगावला उतर, उमेश घ्यायला येईल. तो स्वतःहून म्हणाला, मी सांगितलं नाही.

मुलगी आता मूठ घट्ट धरायला लागली आहे. तू बघशीलच. तिला तुझ्या हातात देईन की नाही, ते मात्र मी अजून ठरवलेलं नाही.

संगिता